मदरबोर्ड जळाला तरी हिशेब जळत नाहीत

खेड्यातल्या घरात संगणक ही आता अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. मोबाइलवर पुष्कळ कामे होतात हे खरे. पण दुधाचा पंधरवड्याचा हिशेब, मजुरांच्या हजेऱ्या, खतांच्या पावत्या, ठिबकच्या अनुदानाचे कागद, मुलांचा अभ्यास आणि लग्नाकार्याचे फोटो हे सारे एका जागी ठेवायला घरात एक संगणक बरा पडतो. बहुतेकांनी तो दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला असतो. टेबलावर, वर विणलेला रुमाल टाकून तो उभा असतो. चालतो तोवर त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि बंद पडला की सगळे घर अडते.

असा जुना संगणक अडण्याचे प्रकार दोन. एक म्हणजे बोर्ड खरोखरच जळणे. दुसरा प्रकार नवा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मुदत ठेवली. पुढची प्रणाली विंडोज ११. ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. पण तिच्या अटी कडक आहेत. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, बोर्डावर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, रॅम किमान ४ जीबी हवी आणि साठवणीला ६४ जीबी जागा हवी. २०१३-१४ साली घेतलेला चौथ्या पिढीचा संगणक धडधाकट असूनही या परीक्षेत नापास होतो. मग दुकानदार म्हणतो, "नवीनच घ्या." नवीनच घ्यावे असे दर वेळी नसते. पुष्कळदा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एवढे तीन जिन्नस बदलले की बाकीचा संसार तोच चालतो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात मागे असेच झाले. घरी आठ म्हशी. दुधाचा हिशेब थोरली सून ठेवते. कोणत्या म्हशीने किती दूध दिले, फॅट किती लागली, पेंडीचे किती गेले आणि कोणाकडून किती येणे आहे, हे चार वर्षांचे सगळे तिने संगणकात भरलेले. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज जवळच कुठेतरी पडली आणि संगणक गेला. बटण दाबले तरी पंखासुद्धा फिरेना. सासूबाईंनी विचारले, "अगं, हिशेब गेले का गं सगळे?" सून म्हणाली, "नाही आत्याबाई, हिशेब हार्डडिस्कमध्ये असतात. ती धड आहे का, ते आधी बघू." पुढचे काम तिने आणि तिच्या कॉलेजात शिकणाऱ्या दिराने मिळून केले. या दोघांनी जे जे केले ते बहुतेक कोणाच्याही घरी करता येण्यासारखे आहे, म्हणून येथे देत आहोत.

आधी खात्री, मग खरेदी

संगणक बंद पडला म्हणजे बोर्डच गेला असे धरून चालू नये. डब्यातला वीजपुरवठ्याचा भाग, ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात, तो बोर्डाच्या आधी जातो आणि स्वस्तात मिळतो. शेजाऱ्याचा किंवा दुकानातला चांगला एसएमपीएस लावून बघावा. रॅमची पट्टी काढून, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसून परत बसवावी. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली असेल तर घड्याळ मागे पडते आणि संगणक दर वेळी कुरकुरतो. ती बदलली की काम भागते. एवढे करूनही हालचाल नसेल तर बोर्डाकडे डोळे घालून बघावे. त्यावर छोटे उभे डबे असतात, ते कपॅसिटर. पंपाच्या मोटारीचा कपॅसिटर फुगला की काय होते हे आपल्याला सांगायला नको. इथेही माथा फुगलेला किंवा खालून ओघळ आलेला दिसला तर रोग सापडला असे समजावे.

या घरी नवा एसएमपीएस लावूनही बोर्ड हलला नाही. दिराने मग हार्डडिस्क काढली आणि यूएसबीला जोडायचे एक साधन आणून मित्राच्या लॅपटॉपला लावली. टेबलावरच्या संगणकाची हार्डडिस्क साडेतीन इंची असते आणि तिला वेगळा १२ व्होल्टचा अॅडॅप्टर लागतो. नुसत्या यूएसबीच्या विजेवर ती फिरत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे चांगल्या डिस्का "मेल्या" म्हणून टाकून दिल्या जातात. डिस्क फिरली, फोल्डर दिसले. सुनेने पहिले काम कोणते केले असेल, तर सगळ्या हिशेबाची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर करून घेतली. बोर्डाला हात लावायच्या आधी हे व्हायलाच पाहिजे. ज्यांचा संगणक अजून चालतो आहे आणि फक्त बदलायचा आहे, त्यांनी तर नकलेशिवाय स्क्रूसुद्धा सैल करू नये.

नक्कल करताना दोन गोष्टी हटकून राहतात. एक, आपण पूर्वी मराठी ज्या फॉन्टात टाइप केले ते फॉन्ट. आजचे युनिकोड मराठी कोठेही वाचता येते; पण जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टांत लिहिलेले कागद, तो फॉन्ट नसला की वेडीवाकडी चिन्हे होऊन बसतात. म्हणून विंडोजच्या फोल्डरातला फॉन्टांचा फोल्डरही उचलावा. दुसरी गोष्ट, ज्यांच्याकडे टॅलीसारखा परवान्याचा हिशेबी प्रोग्राम आहे त्यांनी, संगणक चालू असेल तर, तो परवाना जुन्या यंत्रावरून आधी रीतसर सोडवून घ्यावा. शिवाय विंडोजने डिस्क कुलूपबंद केली आहे का तेही पाहावे. बिटलॉकर नावाचे हे कुलूप लागलेले असेल तर बोर्ड बदलताच ते ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते किंवा आपण कागदावर उतरवलेली असावी लागते. ती नसेल तर आतला माल कायमचा गेला.

काय बदलते, काय राहते

मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात आणि एकमेकांशी बोलतात तो हिरवा-काळा पाट. प्रोसेसर त्याच्या खाचेत बसतो आणि प्रत्येक खाच ठरावीक पिढीच्याच प्रोसेसरला घेते. चौथ्या पिढीच्या इंटेलची खाच ११५० टोकांची, बाराव्या पिढीची १७०० टोकांची. त्यामुळे बोर्ड बदलला की प्रोसेसर आलाच. रॅमचेही तसेच. जुनी डीडीआर ३ पट्टी नव्या डीडीआर ४ च्या खाचेत जात नाही, कारण पट्टीवरचा काप वेगळ्या जागी असतो. जोर लावून बसवू नये. येथे एक फसवणूक सांभाळावी: एच ६१० नावाचे जे स्वस्त बोर्ड मिळतात, त्यांत काही डीडीआर ४ चे आहेत आणि काही डीडीआर ५ चे. बोर्ड एक आणि रॅम दुसरीच, अशी खरेदी करून तालुक्याला दोन हेलपाटे घालणारे पुष्कळ आहेत.

दुसरी सावधगिरी एका अक्षराची. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' असतो, त्यात चित्र दाखवायची अंगची सोय नसते. त्याला वेगळे ग्राफिक कार्ड लागते. तो थोडा स्वस्त पडतो म्हणून घ्यावा, आणि घरी येऊन पडदा काळाच राहावा! हिशेब, अभ्यास आणि व्हिडिओ एवढ्या कामाला 'एफ' नसलेला साधा आय ३ पुरतो. या घरी त्यांनी बाराव्या पिढीचा आय ३, डीडीआर ४ चा एच ६१० बोर्ड, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची, बोर्डावरच बसणारी छोटी एसएसडी घेतली. हार्डडिस्क, कॅबिनेट, पडदा, की-बोर्ड आणि माऊस जुनेच. जुन्या पडद्याला निळ्या तोंडाची व्हीजीए वायर असेल तर बोर्डाच्या पाठीमागे ते तोंड आहे ना, एवढे दुकानातच बघून घ्यावे.

भावाबद्दल येथे आकडा देत नाही, कारण तो ठरत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर एकदम चढले आणि कांद्याचे व्यापारीही लाजावेत अशी गत झाली. तीन दुकानांत विचारावे, पक्के बिल घ्यावे आणि हमीची मुदत बिलावर लिहून घ्यावी. एसएमपीएस मात्र जुनाच ठेवण्याचा मोह टाळावा. दहा वर्षे उन्हाळ्या-पावसाळ्यात कमीजास्त दाबाची वीज खाल्लेला एसएमपीएस नव्या बोर्डाच्या जिवावर उठतो. डब्याबरोबर फुकट मिळालेला तर नकोच.

बसवणी

काम दिवसाउजेडी, लाकडी टेबलावर करावे. वीज तोडलेली असावी. अंगावर टेरिकॉटचे किंवा लोकरीचे कपडे नसावेत, कारण कोरड्या हवेत अंगात साठणारी स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही पण बोर्डाचा नाजूक भाग मारू शकते. अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा आणि बोर्ड नेहमी कडांना धरावा.

बोर्ड डब्यात बसवायच्या आधी बाहेरच, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम आणि पंखा बसवावा. इंटेलच्या या खाचेत केसासारख्या बारीक तारांचे रान असते. तिच्यात बोट, फडके, फुंकर काहीही जाऊ देऊ नये. प्रोसेसरच्या कडेचे काप आणि कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून तो वरून अलगद सोडायचा, दाबायचा नाही. मग बाजूचा दांडा खाली ओढून अडकवायचा. तेव्हा जरा करकर होते, त्याला भिऊ नये. खाचेवरचे काळे प्लास्टिकचे झाकण आपोआप निघते. ते जपून ठेवावे, हमीत बोर्ड परत द्यायची वेळ आली तर लागते. ज्यांनी एएमडीचा एएम ४ खाचेचा जुना बोर्ड काढला असेल त्यांना उलटा अनुभव येईल: तिथे तारा प्रोसेसरच्या पोटाला असतात, आणि पंखा सरळ उपटला तर प्रोसेसर त्याला चिकटून वर येतो. तो पंखा थोडा गरम असताना डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवावा.

नव्या पंख्याच्या तळाला बहुधा राखाडी लेप लावलेलाच असतो. तो नसेल किंवा पुसला गेला असेल तर बाजारातला थर्मल पेस्ट तुरीच्या दाण्याएवढा, मधोमध ठेवावा. लोण्यासारखा फासू नये. पंख्याचे चार खुंट समोरासमोरच्या जोडीने दाबावेत. 'टक' आवाज आला की बसला. बोर्ड उलटा करून चारही खुंटांची टोके मागे पुरी आली का ते पाहावे.

आता डबा. बोर्ड ज्यावर टेकतो त्या पितळी खुंट्या मोजाव्यात. बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच खुंटी हवी. जिथे भोक नाही तिथे जुनी खुंटी राहिली तर ती बोर्डाच्या पोटाला टेकून शॉर्ट करते. दीर बोर्ड खाली उतरवणार तेवढ्यात सुनेने हटकले, "भाऊजी, थांबा. आठ खुंट्या दिसतायत आणि भोके सहाच आहेत." दोन खुंट्या काढल्या, मगच बोर्ड बसला. पाठीमागची पत्र्याची चौकट मात्र आधी बसवायला विसरू नये. नंतर आठवली तर सगळे पुन्हा खोलावे लागते.

विजेच्या जोडण्या दोन: मोठी २४ टोकांची, आणि प्रोसेसरजवळची ८ टोकांची. दुसरी विसरली तर पंखे फिरतात पण पडद्यावर काही येत नाही. पुढच्या बटणाच्या बारीक वायरी बोर्डाच्या पुस्तिकेतील चित्र बघून लावाव्यात. बटणाची वायर कशीही लागली तरी चालते. दिव्यांच्या वायरींना मात्र उलटसुलट असते, दिवा नाही लागला तर फिरवून लावावी.

पहिला उजेड

बटण दाबल्यावर लगेच चित्र आले नाही म्हणून घाबरू नये. नवा बोर्ड पहिल्या वेळी रॅमची ओळख करून घेतो. डीडीआर ५ असेल तर त्याला काही मिनिटेही लागतात. तरीही पडदा काळा राहिला तर रॅमची पट्टी एकच ठेवावी, ती पुरती दाबावी आणि दोन्ही विजेच्या जोडण्या पुन्हा बघाव्यात. पडद्याची वायर बोर्डाच्या तोंडालाच आहे ना हेही बघावे.

चित्र येताना 'डिलीट' किंवा 'एफ २' ही कळ दाबत राहिली की बोर्डाची स्वतःची सेटिंग उघडते. तेथे रॅम पुरी दिसते का, एसएसडी दिसते का, तारीख-वेळ बरोबर आहे का एवढे पाहावे. इंटेलच्या बोर्डावर टीपीएमची सोय 'पीटीटी' या नावाने असते, एएमडीवर 'एफटीपीएम' म्हणून. ती चालू असावी.

या ठिकाणी पुष्कळांचा धीर सुटतो. जुनी हार्डडिस्क जोडली, तिच्यावर विंडोज आहे, आणि तरी नवा बोर्ड म्हणतो की सुरू करण्याजोगी डिस्कच नाही. डिस्क बिघडलेली नसते. जुन्या बोर्डांची सुरुवात करायची पद्धत वेगळी होती आणि डिस्कवरची वाटणी 'एमबीआर' पद्धतीची होती. नवे बोर्ड 'यूईएफआय' पद्धतीने सुरू होतात आणि त्यांना 'जीपीटी' वाटणी लागते. जमिनीचा तुकडा तोच असला तरी उतारा जुन्या नमुन्याचा आहे म्हणून तलाठी घेत नाही, तसलाच हा प्रकार. माहिती न पुसता वाटणी बदलणारे एमबीआर-टू-जीपीटी हे साधन २०१७ पासून विंडोजमध्येच येते. पण नक्कल हातात असल्याशिवाय ते चालवू नये. आमचे मत विचाराल तर, दहा वर्षांचे कचरापट्टी झालेले विंडोज नव्या बोर्डावर ओढून नेण्यापेक्षा नव्या एसएसडीवर कोरी प्रणाली घालावी आणि जुन्या डिस्कवरून फक्त आपली कागदपत्रे घ्यावीत.

या दोघांनी त्याआधी आणखी एक शहाणपण केले. मित्राच्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली तयार करून घेतली आणि काहीही न बसवता, पेन ड्राइव्हवरूनच संगणक चालू केला. आवाज येतो का, इंटरनेट चालते का, सगळे कळले; नवा बोर्ड निर्दोष आहे याची खात्री झाली. मग जुनी हार्डडिस्क जोडून दुधाच्या हिशेबाची फाइल उघडली. आकडे जागच्या जागी होते. म्हशींची नावे तेवढी चिन्हांत उमटली, ती फॉन्ट टाकल्यावर सरळ झाली. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चंद्रीच्या मागच्या वेताचे दूध किती होते तेवढे विचारून घेतले.

विंडोज की लिनक्स

विंडोज ११ घालायचे तर किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. मायक्रोसॉफ्टच्या साधनाने तो तयार करावा. त्यावरचे आधीचे सगळे पुसले जाते. घालताना जुन्या हार्डडिस्कची वायर काढून ठेवावी. हा नियम सोन्याचा आहे. यादीतल्या दोन डिस्कांपैकी चुकून भलतीच पुसली, तर चार वर्षांचे हिशेब मिनिटात जातात. प्रणाली नीट चालू झाली की संगणक बंद करावा, वायर जोडावी आणि मग माहिती उतरवावी. जुन्या फोल्डरला परवानगी नाही असा संदेश आला तर 'कंटिन्यू' दाबावे आणि थोडे थांबावे.

खेड्यात एक अडचण हमखास येते. विंडोज ११ बसताना इंटरनेट मागते, आणि नव्या बोर्डाच्या नेटवर्कचा ड्रायव्हर तर इंटरनेटवरच असतो. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तो आधीच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावा. नाहीतर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे, बहुधा भागते.

परवान्याचे तेवढे नीट समजून घ्यावे. संगणकाबरोबर तयार आलेला विंडोजचा परवाना जुन्या बोर्डाशी बांधलेला असतो. बोर्ड गेला की तोही गेला. स्वतंत्र विकत घेतलेला परवाना नव्या बोर्डावर नेता येतो, आणि तो आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला आधी जोडलेला असेल तर काम सोपे होते. "फुकट टाकून देतो" म्हणणाऱ्यांकडून चोरीचे विंडोज घेऊ नये. त्यासोबत काय काय आत येते ते दिसत नाही, आणि त्याच संगणकावर आपण बँकेचे खाते उघडतो.

लिनक्सला परवान्याचे पैसे पडत नाहीत. मिंट, उबुंटू, आणि आपल्या सी-डॅकने काढलेली बॉस ही प्रणाली, यांत मराठी टाइप करता येते. हिशेबाचे तक्ते लिबर ऑफिसमध्ये उघडतात. ज्यांचा बोर्ड जळालेला नाही, फक्त विंडोज ११ ला चालत नाही, त्यांनी तर बोर्ड बदलण्याआधी जुन्याच यंत्रात एसएसडी घालून लिनक्स चालवून बघावे. कदाचित खर्चच वाचेल. मात्र टॅली, सहीची डिजिटल किल्ली किंवा कॉलेजने सांगितलेला ठरावीक प्रोग्राम असेल तर विंडोजच बरे. या घरी दिराच्या अभ्यासासाठी नवा परवाना घेऊन विंडोजच घातले.

राहिला प्रश्न विजेचा. घराची अर्थिंग बरोबर नसेल तर नवा बोर्डही जुन्याच्या वाटेने जाईल. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालावे आणि वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. आभाळ गडगडू लागले की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा आणि इंटरनेटची वायरही काढावी. तांब्याची वायर असेल तर पुष्कळदा वीज तिच्यातूनच येते.

जळका बोर्ड उकिरड्यावर टाकू नये आणि पोरांना पेटवायला तर मुळीच देऊ नये; त्यात शिसे असते. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. जुना प्रोसेसर आणि रॅम धड असतील तर दुरुस्तीवाले विकत घेतात. जुनी हार्डडिस्क मात्र निदान वर्षभर कोणाला देऊ नये, कोरड्या डब्यात, कापडात गुंडाळून कपाटात ठेवावी.